हत्तीरोगातील शोथ
वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टाय या सूत्रकृमीच्या संसर्गाने लसीका वाहिन्यांत (ऊतकांतील जादा द्रव रक्ताकडे परत नेणाऱ्या नलिकांत) उद्‌भवणारी दाहयुक्त सूज. या कृमीचा प्रसार घाण पाण्यात वाढणाऱ्या क्यूलेक्स डासांमार्फत होतो. महाराष्ट्रात पूर्व विदर्भ हे हत्तीरोगाचे प्रमुख क्षेत्र असून भंडारा जिल्हा त्यात मोडतो.

टी. आर. लूइस यांना १८७२ मध्ये कलकत्त्यात रुग्णाच्या रक्तात या कृमीचे डिंभ आढळले. १८७६ मध्ये जोसेफ बॅन्क्रॉफ्ट यांनी ऑस्ट्रेलियात प्रौढ कृमी शोधून काढला आणि पुढील वर्षी पॅट्रिक मॅन्सन यांनी चीनमधील अमॉय येथे डासाच्या शरीरात डिंभांची वाढ होते असे दाखविले. रोगाचे कारण कळले, तरी एक कोडे उरले. रक्तात विपुल डिंभ असलेल्या अनेकांना काहीच त्रास नसतो, तर पाय सुजलेल्या पुष्कळांच्या रक्तात डिंभ सापडत नाहीत. कृमींमुळे वाहिनी तुंबते, एवढ्याने याचा उलगडा होत नव्हता.

१९७५ मध्ये न्यूयॉर्क येथे ई. ए. कार्सवेल, एल. जे. ओल्ड व सहकारी यांनी अर्बुदाचा (गाठीचा) नाश करणाऱ्या एका घटकाचे वर्णन केले. त्यावरून त्यास ‘ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर’ हे नाव मिळाले. हे प्रथिन मुख्यतः महाभक्षी कोशिका स्रवतात. त्यामुळे श्वेत कोशिका संसर्गस्थानी जमतात. मात्र ते अतिरिक्त झाल्यास स्वतःच्याच ऊतकांना इजा पोहोचते. २००० मध्ये एम. जे. टेलर व सहकारी यांनी ब्रुगिया मलायी या संबंधित कृमीवरील प्रयोगांत दाखविले की, कृमीच्या शरीरात वसणाऱ्या व्होल्बाकिया जंतूंमुळे महाभक्षी कोशिका शोथकारी प्रथिने स्रवतात. कृमी मेल्यावर हे जंतू मुक्त होतात व शोथ भडकतो. पुढे त्वचेच्या भेगांतून शिरणारे इतर जंतू सूज वाढवितात.

सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत बी. सी. हरिनाथ व सहकारी यांनी या कृमीच्या प्रतिजनांवर व निदानचाचण्यांवर संशोधन केले.

भारतात २००४ पासून रोगग्रस्त जिल्ह्यांत सामुदायिक औषधोपचाराची मोहीम राबविण्यात आली. डायएथिलकार्बामाझीन घेतल्यावर डिंभबाधितांना ताप, डोकेदुखी वा अंगदुखी होऊ शकते. ती बहुधा मरणाऱ्या डिंभांविरुद्धची शोथप्रतिक्रिया असून सामान्यतः थोड्या दिवसांत ओसरते. तिलाच औषधाचे विष समजून गोळ्या टाळल्यास संसर्ग गावात टिकून राहतो. सुजलेला पाय रोज धुऊन कोरडा ठेवल्यास शोथाचे पुनःपुन्हा येणारे झटके कमी होतात.