आधी आग्वाद

मंडळी, जोडून सुट्ट्या आल्यात. मुलांचा बेत ठरलाय: तीन दिवस गोवा, मासळी, वाईन, समुद्रकिनारे. माझा हट्ट एकच, आधी आग्वाद.

१६१२ साली पोर्तुगीजांनी बांधलेला हा किल्ला. जहाजं इथं गोडं पाणी भरून घेत, म्हणून हे नाव. पुढे इथल्याच तुरुंगात गोवामुक्तीचे सत्याग्रही डांबले गेले. माझे वडील १९५५ च्या सत्याग्रहात लाठ्या खाऊन परतले. १९६१ साली गोवा मुक्त झाला, तरी ते पुन्हा तिकडे फिरकले नाहीत.

गंमत बघा, जेवताना त्यांना मिरची लागायचीच. आणि मिरची काय, काजू काय, आपल्याकडे आणले पोर्तुगीजांनीच!

मुलांनी खुशाल खावं-प्यावं. फक्त त्या तुरुंगापाशी दोन मिनिटं आजोबांसाठी थांबावं.