पऱ्हाटीच्या बांधावरून

जगाच्या विकासाचा अभ्यास करणारी माणसे दूरदूरच्या विद्यापीठांतून विदर्भात येतात. त्यांतल्या ज्यांची पावले वर्ध्याजवळच्या सेलूकडे, बोर नदीकाठच्या गावांकडे वळतील, त्यांचे मनापासून स्वागत. हा अभ्यास करावा असा आहे, आणि तो इथे होऊ शकतो.

ही वाट जुनी आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर हे एकच गाव घेऊन तिथली जमीन, तुकडे आणि कर्ज मोजले. त्यांचे पुस्तक १९१७ साली आले. सेलूच्या शेजारी, वर्ध्याच्या मगनवाडीत, कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेले जे. सी. कुमारप्पा १९३४पासून ग्रामोद्योग संघाचे काम बघत होते. त्यांच्यासाठी तेलघाणी आणि हातकागद हे अर्थशास्त्राचेच विषय होते. पुढे अर्थशास्त्रज्ञ शूमाखर यांनी १९७३च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात कुमारप्पांचा आधार घेतला. वर्ध्याचा विचार असा जगात गेला.

मला सर्वांत जवळचे उदाहरण मात्र अकोला जिल्ह्यातल्या कानझऱ्याचे वाटते. हैदराबादच्या इक्रिसॅट या शेती-संशोधन संस्थेने १९७५ साली तिथे आणि आणखी काही गावांत घरोघरची नोंद सुरू केली. नोंद घेणारी माणसे गावातच राहत. त्या वह्यांवरून अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९९४ साली दाखवले की एखाद्या घराची कमाई बुडाली, तरी त्या घराचे खाणेपिणे तेवढे बुडत नाही. ते बरेचसे गावाच्या सरासरीबरोबर चालते. उसनवारी, सोयरीक, दुकानदाराची उधारी हे सगळे त्यामागे असते. पण सगळ्यांना हा आधार सारखा मिळत नाही, एका गावात तर भूमिहीनाला तो कमीच मिळत होता, हेही त्याच अभ्यासातून दिसते. वर्षानुवर्षे कोणी गावात राहिले नसते, तर हे कळले नसते.

गावात राहिल्याशिवाय न कळणारी आणखी एक गोष्ट म्हणजे कापसाची वेचणी. 'दिवसाची मजुरी किती?' हा प्रश्न छापील फॉर्मवर सोपा दिसतो. पण वेचणारी बाई कमरेला कापडाची झोळी बांधून ओळीने चालते, आणि संध्याकाळी काट्यावर तिचा कापूस किलोने मोजला जातो. पहिल्या वेचणीत बोंडे भरलेली असतात, हात भराभर चालतो. हंगामाअखेरच्या फरदडीत तीच बाई तेवढेच तास वाकते आणि निम्माही कापूस निघत नाही. मग दिवसाची मजुरी कोणती लिहायची? फॉर्ममध्ये एकच रकाना आहे. तो पुरत नाही हे ज्याच्या लक्षात आले, त्याच्या अभ्यासाला खरी सुरुवात झाली असे मी मानतो.

सेलू एकेकाळी केळीसाठी ओळखले जाई. आज शेतात सोयाबीन, तूर आणि कापसाची पऱ्हाटी दिसते. केळी का गेली, हे एखाद्या म्हाताऱ्या कास्तकाराला विचारा. पाणी, वीज, भाव आणि मजूर यांची गुंतागुंत तो एका बैठकीत उलगडेल. त्याचे म्हणणे 'मुलाखत क्रमांक अमुक' म्हणून परिशिष्टात टाकू नका. आणि अहवाल तयार झाला की मराठीत करून त्याला वाचून दाखवा. चुका तोच पकडेल.

एकच विनंती. दिवाळीनंतर घरात कापसाचे पैसे असताना या, आणि ज्येष्ठात बी-बियाण्यासाठी कोणाकडे तरी हात पसरावा लागतो तेव्हाही त्याच घरी या. दोन्ही वेळा चहा मिळेल.