आगबोटीची चार मिनिटे

महाळुंग्याच्या घरात परवा मामांचा जुना डबा उघडला आणि शिरक्याचा वास आला. ॲसिटेटची फिल्म सडू लागली की असाच वास येतो.

8 मिमीच्या कॅमेऱ्यात 16 मिमी रुंदीची 25 फूट फिल्म. एक बाजू संपली की रीळ उलटून दुसरी. धुतल्यावर मधोमध चिरून 50 फुटांची पट्टी. सेकंदाला 16 चौकटी, म्हणजे जेमतेम चार मिनिटे. मामांनी ती सगळी हर्णैच्या एका सकाळीवर खर्चली. आगबोट खोल पाण्यात उभी, पडाव हेलकावतोय, खलाशाचा हात धरून आजी उतरतेय. मध्ये एक पांढरा झोत: रीळ उलटताना उजेड लागला असणार.

ही हौस आपल्याकडे जुनी. व्यवसायाने छायाचित्रकार असलेल्या सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, विलायतेहून कॅमेरा मागवून 1899 मध्ये मुंबईत कुस्ती टिपली. डिसेंबर 1901 मध्ये केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजप्यांचे स्वागतही टिपले. परांजपे मुर्डीचे, हर्णैपासून हाकेच्या अंतरावरचे! ते चित्रण आज पाहायला मिळत नाही.

आमच्या पट्टीचे सुरुवातीचे वेढे चिकटलेत. आजी त्यांच्या पुढे आहे. ओढायचा धीर अजून झालेला नाही.