शिडाच्या दोरांवरून उतरलेली इंग्रजी

इंग्रजीत रोज वापरले जाणारे कितीतरी वाक्प्रचार मूळचे खलाशांचे आहेत. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडचा व्यापार, लढाया आणि वसाहती शिडाच्या जहाजांवर चालल्या. एका मोठ्या युद्धनौकेवर आठशेच्या आसपास माणसे महिनोन्‌महिने एकत्र कोंडलेली असत. त्यांची बोली बंदरात उतरली, गुत्त्यांमध्ये मुरली आणि हळूहळू ज्यांनी समुद्र पाहिलाही नव्हता त्यांच्या तोंडी बसली. पुढे वाफेची जहाजे आली, शिडे गेली आणि मूळ वस्तू डोळ्यांआड झाल्या. त्यामुळे हे शब्द वापरणाऱ्या बहुतेक इंग्रजांनाही ते कुठून आले याचा पत्ता नसतो.

सर्वांत साधे उदाहरण दोरांचे. 1765 मध्ये पाण्यात उतरलेल्या ‘व्हिक्टरी’ या युद्धनौकेवरचे दोर एकापुढे एक जोडले, तर ते चाळीस किलोमीटरच्या पुढे जातात. प्रत्येक दोराला नाव होते, ठरलेली जागा होती आणि काळोख्या रात्री, वादळातही नेमका तोच हाती यावा लागे. ‘नो द रोप्स’ म्हणजे कामातल्या खाचाखोचा माहीत असणे, हा अर्थ इथून आला. रिचर्ड हेन्री डेना या अमेरिकी लेखकाने खलाशी म्हणून केलेल्या सफरीवर 1840 मध्ये लिहिलेल्या पुस्तकात हा प्रयोग सापडतो.

‘बाय अँड लार्ज’ समजून घ्यायला वारा समजून घ्यावा लागतो. चौकोनी शिडांचे जहाज थेट वाऱ्यासमोर जाऊ शकत नाही. वारा ज्या दिशेने येतो तिच्याशी साधारण 67 अंशांचा कोन ठेवून, तिरके तिरके जात त्याला पुढे सरकावे लागते. वाऱ्याला असे बिलगून जाणे म्हणजे ‘बाय द विंड’. वारा बाजूकडून किंवा मागून मिळाला की जहाज मोकळे सुटते, ते ‘लार्ज’. काही जहाजे एका तऱ्हेने चांगली चालत, तर काही दुसऱ्या. दोन्ही तऱ्हांनी चालणारे जहाज म्हणजे एकंदरीत उत्तम जहाज, आणि आजच्या इंग्रजीत ‘बाय अँड लार्ज’चा अर्थही तोच: ‘एकंदरीत’. 1669 मध्ये सॅम्युएल स्टर्मी याने छापलेल्या नौकानयनाच्या पुस्तकात हे शब्द जोडीने आले आहेत, तेही निव्वळ तांत्रिक अर्थाने.

वाऱ्याला असे बिलगून जाताना सुकाणूवरच्या माणसाची डुलकी महागात पडे. वारा जरा फिरला की तो शिडांच्या मागून भरण्याऐवजी समोरून थडकायचा. फुगलेली शिडे धाडकन उलटी होऊन डोलकाठ्यांवर आदळत. जहाज जागच्या जागी थबके आणि मग मागे सरकू लागे. डोलकाठ्यांचे ताण मुख्यतः मागून येणारा जोर सोसण्यासाठी बांधलेले असल्यामुळे वारा जोराचा असेल, तर काठी मोडायचीही भीती. या अवस्थेला ‘टेकन अबॅक’ म्हणत. बोलता बोलता समोरच्याने अनपेक्षित काही सांगितले आणि ऐकणारा क्षणभर गप्पच झाला, तर त्यालाही इंग्रजीत हेच शब्द लावतात. मूळ दृश्य माहीत असले की ही उपमा किती नेमकी आहे ते कळते.

दारू जास्त झालेल्या माणसाला ‘थ्री शीट्स इन द विंड’ म्हणतात. इथे ‘शीट’ म्हणजे शीड असेल असे वाटते, पण खलाशांच्या भाषेत ‘शीट’ म्हणजे शिडाचा खालचा कोपरा ताणून धरणारा दोर. असे दोर सुटून वाऱ्यावर फडफडू लागले की शिडांवरचा ताबा जातो आणि जहाज झोकांड्या खात जाते.

दोरांचीच आणखी एक कथा, पण तिला फाटे आहेत. नांगराचा तागी दोरखंड मोठ्या जहाजावर दोन फूट घेराचाही असे. तो डेकवर रोवलेल्या भक्कम लाकडी खुंटांना गुंडाळलेला असायचा. या खुंटांचे नाव ‘बिट्स’, आणि त्यांच्यापासून आत जहाजात राहणारे टोक ‘बिटर्स एंड’. व्हर्जिनियाच्या वसाहतीमुळे प्रसिद्ध असलेला कॅप्टन जॉन स्मिथ याने 1627 मधल्या आपल्या पुस्तकात त्याची व्याख्या दिली आहे. दोर या टोकापर्यंत सुटला, म्हणजे सोडायला आता काही उरले नाही. ‘टू द बिटर एंड’, म्हणजे अगदी शेवटपर्यंत, याचे मूळ इथे दाखवले जाते. मात्र बायबलमधल्या नीतिसूत्रांतही शेवटाच्या कडवटपणाची उपमा आहे आणि इंग्लंडात बायबल घरोघरी वाचले जात होते. या दोन्ही वाटा पुढे एक झाल्या असाव्यात, असे मानणे जास्त पटते.

काही शब्दांचा मात्र जन्मदिवसच सांगता येतो. ॲडमिरल एडवर्ड व्हर्नन हा ग्रोग्रॅम नावाच्या जाडसर कापडाचा झगा घालत असे, म्हणून खलाशी त्याला मागून ‘ओल्ड ग्रॉग’ म्हणत. वेस्ट इंडीजच्या ताफ्यात प्रत्येकाला रोज अर्धा पाइंट रम कोरी मिळे. बहुतेक जण ती एका दमात रिचवत, मग भांडणे, पडझड, फटक्यांच्या शिक्षा. 21 ऑगस्ट 1740 रोजी व्हर्ननने हुकूम काढला की अर्ध्या पाइंट रममध्ये चौपट पाणी घालून ती दिवसातून दोनदा वाटावी. हे मिश्रण डेकवर, सर्वांदेखत, अधिकाऱ्याच्या नजरेखाली पिंपात करायचे होते, म्हणजे कुणाच्या वाट्याला कमी आली अशी कुरकुर नको. खलाशांनी त्या पाणचट पेयाला ॲडमिरलचेच टोपणनाव दिले: ‘ग्रॉग’. ती पिऊन डोके जड झालेला तो ‘ग्रॉगी’. पुढे मुष्टियुद्धात ठोसे खाऊन डगमगणाऱ्यालाही हे विशेषण लागले आणि आता तर अर्धवट झोपेतून उठलेल्यालाही लागते. ब्रिटिश नौदलातली रोजची रम 31 जुलै 1970 रोजी बंद झाली. याच व्हर्ननच्या हाताखाली लढलेल्या लॉरेन्स वॉशिंग्टनने आपल्या वाडीला ‘माउंट व्हर्नन’ नाव दिले, आणि ती पुढे त्याच्या सावत्र भावाकडे, जॉर्ज वॉशिंग्टनकडे आली.

जहाजाच्या स्वयंपाकघरात खारवलेले गोमांस आणि डुकराचे मांस मोठ्या हंड्यांत उकडत. वर तरंगणाऱ्या चरबीच्या थराला ‘स्लश’ म्हणत. आचारी ती काढून पिंपांत भरून ठेवायचा आणि बंदरात मेणबत्त्या करणाऱ्यांना विकायचा. अमेरिकी नौदलात या विक्रीच्या पैशातून खलाशांसाठी किरकोळ चैनीच्या वस्तू घेतल्या जात. तो ‘स्लश फंड’. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकी राजकारण्यांनी हा शब्द उचलला आणि लाचलुचपतीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशाला चिकटवला.

मराठीतही सर्रास ऐकू येणारे ‘फर्स्ट रेट’ आणि ‘थर्ड रेट’ हे नौदलातले दर्जे होते. शंभर किंवा त्याहून जास्त तोफांचे जहाज पहिल्या दर्जाचे, त्याखालचे दुसऱ्या, आणि साधारण 64 ते 80 तोफांचे तिसऱ्या. आज ‘थर्ड रेट’ ही शिवी झाली आहे, पण ताफ्याचा सारा भार याच जहाजांवर असे. 1805 च्या ट्रॅफल्गारच्या लढाईत ब्रिटिशांच्या रांगेतल्या 27 जहाजांपैकी 20 तिसऱ्या दर्जाची होती.

‘लूज कॅनन’ म्हणजे कधी काय करील त्याचा नेम नाही असा माणूस. अडीच टनांहून जड तोफ दोर तोडून सुटली, तर हिंदकळणाऱ्या डेकवर ती काय करील, याचे भयंकर चित्र व्हिक्टर ह्यूगोने 1874 च्या ‘नाइंटी-थ्री’ या कादंबरीत रंगवले. त्यात तोफ नीट न बांधणारा तोफचीच जिवावर उदार होऊन तिला आवरतो. त्याला शौर्यपदक मिळते आणि हलगर्जीपणाबद्दल लगेच गोळीही घातली जाते. इंग्रजी वाक्प्रचार या कादंबरीनंतर रुळला.

खलाशी बोलीचे वजन इतके, की तिच्याशी संबंध नसलेले शब्दही तिच्या नावावर खपवले जातात. खोली इतकी लहान की मांजर गरगर फिरवायलाही जागा नाही, या इंग्रजी म्हणीतले मांजर म्हणजे नौदलातला नऊ शेपट्यांचा चाबूक, असे सांगतात. पण म्हण 1660 च्या दशकात छापलेली सापडते आणि त्या चाबकाचा उल्लेख 1690 च्या दशकातला आहे. कडाक्याच्या थंडीसाठी इंग्रजीत पितळी माकडाची एक अश्लील उपमा आहे. तिची कथा अशी: तोफगोळे ज्या पितळी तबकात रचत त्याला ‘मंकी’ म्हणत, आणि थंडीने तबक आकसले की गोळे गडगडत. प्रत्यक्षात गोळे भोके पाडलेल्या लाकडी फळ्यांत ठेवत आणि पितळ थंडीत इतके आकसतही नाही. वर हर्मन मेल्व्हिलच्या 1847 च्या ‘ओमू’ या पुस्तकात पितळी माकडाचे नाक वितळवणारी उष्णता आहे. म्हणजे माकड पुतळ्यातलेच, आणि ऋतूही उलटा.

या बनावट कथांतली सर्वांत लोकप्रिय कथा मुंबईच्या वाटेवरची आहे. इंग्लंडहून सुएझमार्गे मुंबईला येताना डावी बाजू उत्तरेकडे, म्हणून सावलीची, परतताना उजवी. श्रीमंत प्रवासी जाताना ‘पोर्ट’ आणि घरी येताना ‘स्टारबोर्ड’ बाजूच्या केबिन घेत, पी अँड ओ कंपनी त्यांच्या तिकिटांवर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ची आद्याक्षरे छापत असे, आणि त्यातून ‘पॉश’ शब्द झाला, असे म्हणतात. तसे एकही तिकीट आजवर पुढे आलेले नाही. ही कथा छापील स्वरूपात 1930 च्या दशकात दिसते, शब्द मात्र पहिल्या महायुद्धाच्या सुमारासच वापरात होता. त्याआधी एकोणिसाव्या शतकातल्या लंडनच्या चोरबोलीत ‘पॉश’ म्हणजे चिल्लर पैसा, आणि नटव्या, छानछोकी माणसालाही तोच शब्द. पुण्या-मुंबईतल्या ‘पॉश एरिया’चे मूळ शोधायचे तर जहाजापेक्षा त्या गल्ल्यांकडे बघावे लागते.