घाटातली नाहीशी वस्ती

१८५९ साली कॅलिफोर्नियात बोडी इथं सोनं सापडलं. गाव वसलं, सोनं सरल्यावर ओस पडलं. त्याची उरलेली घरं सरकारनं आजही जपून ठेवली आहेत.

त्याच सुमारास आपल्या कसाऱ्याच्या थळघाटातही माणसांची अशीच रीघ लागली होती. इथं सोनं नव्हतं, काळा कातळ होता. १८६१ साली रेल्वे कसाऱ्यापर्यंत आली. पुढे सदतीस फुटांना एक फूट असा चढ! मजुरांनी सुरुंग लावून बोगदे फोडले, एहेगावच्या दरीवर १८२ फूट उंच पूल उभारला. १ जानेवारी १८६५ रोजी गाडी इगतपुरीला पोचली. काम संपलं, मजूर पांगले.

तिकडे बोरघाटात १८६१ साली ४२ हजार माणसं राबत होती. पटकीनं त्यांतली कितीतरी नेली. १८५९ मध्ये तिथला ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल वारला. त्याचं नाव इतिहासात आहे, काम पुढे नेणाऱ्या त्याच्या पत्नीचं, अ‍ॅलिसचंही आहे. मजुरांची नावं मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत.

मी कवी माणूस, नावांचा लोभी. बोडीची घरं राहिली. आमच्या घाटातल्या झोपड्या मातीला मिळाल्या. मागे राहिला तो रस्ता. त्यावरून आपण रोज जातो. बोगद्यात अंधार झाला की निदान तेवढा वेळ तरी त्या बिननावाच्या हातांची आठवण ठेवू या.