विषय मागू नका, प्रश्न घेऊन या

वाळूजच्या कारखान्यात रात्रपाळी करून सकाळी ग्रंथालय गाठणारे विद्यार्थी आपल्यात आहेत. प्रबंधाची वेळ आली की त्यांचे पहिले वाक्य असते, 'सर, विषय द्या.' बाबासाहेबांना आपण वंदन पुष्कळ केले. त्यांनी प्रबंध कसे लिहिले हे मात्र अभ्यासले नाही.

बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ मध्ये प्राचीन भारतीय व्यापारावर एम.ए.चा प्रबंध झाला. पीएच.डी.चा विषय ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेचा. प्रश्न एकच होता: मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांच्यात पैशाची वाटणी कशी बदलत गेली? काळही आखलेला, १८३३ ते १९२१. विषयाला कुंपण घालणे ही नियोजनाची पहिली पायरी. हा ग्रंथ १९२५ मध्ये छापला गेला आणि पदवी रीतसर १९२७ साली मिळाली.

मधली वाट सोपी नव्हती. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा सोडून परतावे लागले. सामान ज्या बोटीत होते ती जर्मन पाणबुडीने बुडविली. सिडनॅम कॉलेजात प्राध्यापकी करून, पैसे साठवून ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध १९२२ मध्ये सादर झाला. परीक्षकांनी तो फेरलेखनासाठी परत केला. त्यांनी तो दुरुस्त केला आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळविली. त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनी ग्रंथाला प्रस्तावना लिहिली, आणि तीत आपला मतभेद उघड नोंदविला. गुरूशी पुराव्यानिशी असहमत होणे म्हणजेच संशोधन.

आज पैसे मोजून प्रबंध लिहवून घेणारेही आढळतात. त्यातून पदवी मिळेल, इतिहास मिळणार नाही. वाळूजच्या कारखान्यांखाली गेलेली जमीन कोण कसत होते? मोबदला कोणाच्या नावावर निघाला? गायरानावर पोट भरणाऱ्याच्या वाट्याला काय आले? सातबारा, फेरफार, भूसंपादनाचे निवाडे आणि म्हाताऱ्यांच्या आठवणी एकमेकींशी ताडून पाहा. कागदावर ज्याचे नाव नाही, त्याची साक्ष आठवणींतच असते. ती माणसे आता थोडी उरली आहेत.

म्हणून मित्रहो, विषय मागू नका. प्रश्न घेऊन या. तो आपणच विचारला नाही, तर दुसरे कोणी विचारणार नाही.