दोन सेवापरंपरा आणि अपंग स्त्रीचा प्रश्न : ऑस्ट्रेलियातील एक अनुभव

दूरध्वनी, संगणक इत्यादी साधनांच्या द्वारे होणारा स्त्रियांचा छळ हा अत्याचाराचा अगदी अलीकडचा प्रकार मानला जातो. साधने नवी आहेत यात शंका नाही. परंतु अपंग स्त्रीला या छळात साहाय्य मिळण्यास जो विलंब लागला, त्याचे कारण साधनांच्या नावीन्यापेक्षा सेवासंस्थांच्या जुन्या विभागणीत अधिक आढळते. ऑस्ट्रेलियाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

१९७४ साली सिडनी येथे ‘एल्सी’ हे स्त्रियांचे आश्रयगृह उघडले व तेथून कौटुंबिक हिंसेविरुद्धच्या सेवेची परंपरा वाढत गेली. अपंगसेवेचा प्रवाह निराळा. १९८६ चा अपंगसेवा कायदा आणि २०१३ चा राष्ट्रीय अपंगत्व विमा योजनेचा कायदा हे त्यातील टप्पे होत. पहिल्या परंपरेत छळ ओळखण्याचे शिक्षण होते, दुसरीत अपंगत्वाचे ज्ञान होते. दोहोंची गरज असलेली स्त्री मात्र दोहोंच्या मधल्या जागेत राहिली.

ऑनलाइन सुरक्षिततेसाठी तेथे २०१५ साली आयुक्तपद निर्माण झाले. आरंभी ते केवळ बालकांसाठी होते. २०१७ मध्ये त्याची कक्षा सर्व नागरिकांपर्यंत वाढविण्यात आली. तत्पूर्वीच, २०१६ पासून, या कार्यालयाने कौटुंबिक हिंसेच्या क्षेत्रातील कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण हाती घेतले होते. बौद्धिक व आकलनविषयक अपंगत्व असलेल्या स्त्रियांच्या अनुभवांचा त्याचा अभ्यास मात्र २०२१ साली प्रसिद्ध झाला. हा क्रमच पुरेसा बोलका आहे.

अशा प्रशिक्षणाची खरी कसोटी एका साध्या सल्ल्यापाशी लागते. ‘फोन बंद ठेवा’ असे पीडितेस सांगणे सोपे असते. परंतु जिला बोलण्यासाठी, वाट शोधण्यासाठी किंवा मदतनीस बोलावण्यासाठी तेच यंत्र लागते, तिच्या बाबतीत हा सल्ला म्हणजे दुसरी शिक्षाच होय. शिवाय यंत्राचा परवलीचा शब्द ज्याच्या हाती, तो शुश्रूषा करणारा आप्तच छळणारा असू शकतो. म्हणून तिच्याशी एकांतात बोलणे, पुरावा जपणे, सुरक्षित यंत्रावरून परवलीचे शब्द बदलणे, अकस्मात बदलाने धोका वाढेल काय याचा आधी विचार करणे आणि अखेरचा निर्णय तिचाच मानणे, ही कार्यकर्त्याची प्राथमिक कर्तव्ये ठरतात.

अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय करारातील सोळावे कलम शोषण, हिंसा व छळ यांपासून संरक्षणाचे दायित्व राज्यसंस्थेवर टाकते. भारतानेही तो करार २००७ मध्ये मान्य केला आहे. ते दायित्व केवळ कायदा करून फिटत नाही. पीडितेच्या दाराशी प्रथम पोचणाऱ्या कार्यकर्त्याच्या शिक्षणातच त्याची खरी परीक्षा होते.